तारेच्या वेल्डिंगमधील हाताची चाल

कारखान्यात ज्याला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात, त्यात रिळावरची तार यंत्रच टॉर्चमधून पुढे सरकवते. तारेच्या टोकाशी विजेचा आर्क पेटतो, तार व लोखंड वितळून रसाचे लहानसे डबके होते, आणि हवा लागू नये म्हणून त्याभोवती वायूचे कवच असते. तार यंत्राने पुरवली, मग माणसाकडे काय उरले? उरली हाताची चाल. जोड टिकणार की नाही हे पुष्कळसे तीच ठरवते.

टॉर्चचे तोंड जाण्याच्या दिशेकडे कलवून ती ढकलीत नेली, तर जोड रुंद, सपाट व उथळ होतो. तोंड झालेल्या जोडाकडे ठेवून ओढीत नेली, तर तो अरुंद, उंचट व खोल मुरलेला होतो. कल दहापंधरा अंशांचाच पुरे. पातळ पत्र्याला ढकलणे सोयीचे. अॅल्युमिनियम तर ढकलूनच करावे. ओढल्यास वायूचे कवच नीट पडत नाही आणि जोडावर काजळी धरते. पोटात फ्लक्स भरलेली तार मात्र ओढावी, नाहीतर मळी रसात अडकते.

जाड कामात टॉर्च नागमोडी फिरवावी लागते. तेव्हा दोन्ही कडांशी क्षणभर थांबावे आणि मधून चटकन जावे. घाई केली तर कडेला खाच पडते. आर्क नेहमी डबक्याच्या पुढच्या काठावर हवा. तो मागे राहिला की रस थंड लोखंडावर पुढे ओघळतो आणि न मुरताच चिकटून बसतो. कांडीच्या वेल्डिंगवर हात बसलेले जुने कारागीर टॉर्चला पुढेमागे झटका देतात. भरीव तारेच्या कामात ही सवय सोडलेली बरी.

खरी मेख उभ्या जोडात आहे. वरून खाली आले की काम झपाट्याने होते, जोडही गुळगुळीत दिसतो. पातळ पत्र्याला ते योग्यच. जाड पट्ट्यांना मात्र खालून वर, सावकाश, चढत जावे लागते. आता मजुरी फुटावर मोजली तर कामगार कोणती चाल धरील? एका कारखान्यात असाच जोड तुटला आणि आरोपपत्र वेल्डरला मिळाले. चौकशीत आम्ही तो जोड आडवा कापून, घासून, त्यावर आम्ल लावून दाखवला. वर भरदार वेल्डिंग, आणि खाली मूळ पट्टीची कड जशीच्या तशी! फुटाचा दर कोणी ठरवला, हे विचारल्यावर चौकशी अधिकारी बराच वेळ कागद चाळीत बसले.

म्हणून आमची मागणी अशी आहे की, काम सुरू होण्यापूर्वी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर, त्याच स्थितीत नमुना जोड करावा, तो सर्वांसमोर फोडून पाहावा, आणि त्यात गेलेला वेळ मजुरीत धरावा.