सहाव्या वर्षाची दाढ आणि फ्लोराइडचें व्हार्निश

दुधाचे दांत पडावयाचेच असतात, मग त्यांच्यापायीं दंतवैद्याकडे कशाला धांवावें, ही समजूत आम्हां सुशिक्षितांच्या घरांतहि चांगली मुरलेली आहे. तिचें फळ मात्र भलत्याच एका दाढेला भोगावें लागतें. मूल सहा वर्षांच्या सुमारास आलें म्हणजे दुधाच्या शेवटल्या दाढेच्या मागें, एकहि दांत न पडतां, नवी दाढ वर येते. घरांत कोणाला पत्ता लागत नाहीं. लागलाच तर ‘हीहि दुधाचीच’ म्हणून दुर्लक्ष होतें. वास्तविक ती कायमची. तिच्यानंतर त्या जागीं दुसरी येणार नाहीं. आणि उगवल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, कवच अजून पुरें पक्कें झालेलें नसतां, तिला किडीचें भय फार.

अशा दांतांसाठीं दंतवैद्य फ्लोराइडचें व्हार्निश लावतात. व्हार्निश म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें गिरगांवच्या चाळींतील जुनें शिसवी कपाट येतें. लांकडावरचें रोगण उडालें कीं त्याचें काम संपलें. दांतांवरचें मात्र दिवसा-दोन दिवसांत निघून जातें, आणि खरें काम त्यानंतरहि चालू राहतें.

तें कसें, हें समजण्यास कीड कशी लागते तें पाहिलें पाहिजे. दांताचें कवच, म्हणजे दंतवल्क, हें कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचें बनलेलें असतें. गोड व पिठूळ अन्न दांतांना चिकटलें कीं तोंडांतील जंतु त्याचें आम्ल करतात, आणि पीएच सुमारें ५.५ च्या खालीं उतरला कीं स्फटिक विरघळूं लागतात. लाळ ही झीज हळूहळू भरून काढते. एकत्र कुटुंबांत लाळेला ही सवड मिळणेंच कठीण! आजीची खडीसाखर, काकूंचा लाडू, आजोबांच्या खिशांतली पेपरमिंट. प्रत्येकाचें प्रेम थोडथोडें, पण मुलाचें तोंड दिवसभर चालू. मग दांतावर खडूसारखा पांढरा डाग दिसूं लागतो. खळगा मागाहून पडतो.

नेहमींच्या व्हार्निशांत राळ आणि शेंकडा ५ सोडियम फ्लोराइड असतें, म्हणजे दहा लक्ष भागांत २२,६०० भाग फ्लोराइड. लाळ लागतांच राळ दांताला घट्ट धरते. तेवढ्या अवधींत फ्लोराइड कॅल्शियमशीं मिळून दंतवल्कावर कॅल्शियम फ्लोराइडचे सूक्ष्म कण जमतात. हे कण म्हणजे चोराची चाहूल लागली कीं जागा होणारा पहारेकरी: आम्ल आलें कीं ते विरघळून फ्लोराइड सोडतात, लाळेंतील कॅल्शियम-फॉस्फेट परत जागेवर बसतें, आणि नवे स्फटिक आम्लाला पहिल्याइतकी सहज दाद देत नाहींत. पांढरा डाग यानें थोपतो, कधीं मावळतोहि. पडलेला खळगा मात्र भरत नाहीं.

२०१३ सालीं कॉक्रेन संस्थेनें निरनिराळ्या चांचण्या एकत्र तपासल्या, तेव्हां कायमच्या दांतांची कीड सरासरीनें ४३ टक्के व दुधाच्या दांतांची ३७ टक्के कमी झालेली आढळली.

फ्लोराइड म्हणजे विष, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. यवतमाळ-चंद्रपूरकडील कांहीं विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत तें इतकें असतें कीं मुलांचे दांत डागाळतात, हें खरें. पण तें पाणी वर्षानुवर्षें पोटांत जातें. मुंबईला पाणी येतें तें तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचें. त्यांत फ्लोराइड अल्पच. व्हार्निश तर दुधाच्या दांतांना एका वेळीं पाव मिलिलिटर पुरतें.

ना टोचणी, ना यंत्राची घरघर. दांत पुसून ब्रशानें पातळ हात फिरविला कीं झालें. त्या दिवशीं मऊ अन्न द्यावें, दांत दुसऱ्या सकाळीं घांसावे; पिवळट झांक दिसेल, तिला भिऊं नये. राळेचें वावडें, हिरड्यांना व्रण किंवा जोराचा दमा असल्यास आधीं सांगावें. साधारणतः सहा महिन्यांनीं पुन्हां लावतात. कीड फार असेल तर तीन महिन्यांनीं. दाढेच्या माथ्यावरील खोल चिरांना एवढ्यानें भागत नाहीं, त्या निराळ्या लेपानें बुजवाव्या लागतात. १९३३ सालीं निघालेलें नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. गिरगांवकरांना तें जवळच, आणि दादर-परळहूनहि फार लांब नाहीं.

मूल सहा वर्षांचें झालें कीं दिव्यासमोर त्याचें तोंड उघडवून मधल्या दांतापासून एका बाजूला मोजीत जावें. पांच दुधाचे, त्यांच्या मागें सहावा दिसला, तर तीच ती दाढ.