कोळंबीचा जन्मदाखला

नोव्हेंबर 2025. चार दिवस इनामगावला आईकडे आलोय. काम न्हावा-शेवा बंदरातलं, निर्यातीच्या कागदपत्रांचं. ते सोबत आलंच.

पहाटे 5.30. रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी देऊन दादा परतला. मी ओट्यावर लॅपटॉप उघडला. तळोज्याहून योकोहामाला जाणारा रीफर कंटेनर, आत उणे 18 अंशांवर गोठलेली व्हेनामी कोळंबी. शिपिंग बिलावरचा कोड 030617 पासून सुरू होणारा. कोडात आणि मूळ देशाच्या दाखल्यात मेळ नसला, की तिकडची जकात सवलत अडकते.

7.15. दारात मासेवाली. "कुठली गं चिलापी?" आईनं विचारलं. "चिंचणीच्या धरणातली, ताई." तेवढ्यावर सौदा झाला.

9.00. माझ्या मालाला तेवढं पुरत नाही. जपानशी व्यापार करार 1 ऑगस्ट 2011 पासून आहे, पण त्याचा फायदा माल भारतातला ठरला तरच. त्यासाठी सीओओ, म्हणजे मूळ देशाचा दाखला. समुद्रातल्या मासळीचं तर आणखी बारीक: किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत धरली तर आपली, त्यापुढे बोट कुठे नोंदलेली आणि झेंडा कुणाचा ते बघतात. तळ्यातल्या व्हेनामीची गोष्ट मला फार आवडते. तिची आई बहुधा अमेरिकेतून विमानानं आलेली, चेन्नईत क्वारंटाइन झालेली. पण अंडी इथल्या हॅचरीत, वाढ इथल्या तळ्यात, म्हणून पिल्लू भारतीय.

दुपारी 1. पालघरच्या तळेवाल्याचा फोन. "साहेब, अमेरिकेचं काय? तळं उपसू का थांबू?" अमेरिकेत साध्या कोळंबीला नेहमीची जकात नाहीच, असतात ते अँटी-डंपिंगसारखे जादा कर. त्यावर 27 ऑगस्टपासून 50 टक्के बसले. त्याच कोळंबीवर इक्वेडोरला 15. जकात भरतो तिकडचा आयातदार, पण तो भाव पाडून मागतो, कोळंबी गोठवणारा कारखाना तळ्यावरचा भाव पाडतो, आणि शेवटी पैसे तळेवाल्याच्या खिशातून जातात. ब्रिटनशी व्यापार करारावर 24 जुलैला सही झाली, कोळंबीवरची 4.2 ते 8.5 टक्के जकात शून्यावर येणार आहे, हेही सांगितलं. पण करार अजून लागू नाही, आणि खाद्याची उधारी थांबत नाही. थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी 6.00. दादाबरोबर घोड नदीकाठी, जुन्या वस्तीच्या पांढरीवर. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 इथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत मासळीची हाडंही सापडली. ती कोणत्या थरातली, याची नोंद पुण्यात आहे.

रात्री 9.40. सीओओचा अर्ज परत आला. इन्व्हॉइसवर 'लिटोपेनिअस व्हॅनामेई', आरोग्य दाखल्यावर 'पेनिअस व्हॅनामेई'. कोळंबी एकच, शास्त्रीय नावं दोन. घरात रेंज नाही, म्हणून गच्चीवर गेलो, कारखान्यातल्या पोरीला उठवून इन्व्हॉइस दुरुस्त करून घेतलं. 10.55 ला अर्ज पुन्हा गेला. गाडी उद्या सकाळी 8 ला बंदराच्या गेटवर लागणार आहे.