शेवटचे सेकंद कुठे गेले?

गल्लीत मुलं खेळतायत. बाइकवरून दोघं येतात, मागचा एक पोर उचलतो आणि बाइक सुसाट निघून जाते. 2018 मध्ये तुम्ही शाळेत असाल, तर हा व्हिडिओ आईच्या फोनवर पाहिला असेल. खाली ओळ असायची, ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीये, सावध राहा.’

व्हिडिओ होता कराचीचा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म! मूळ फिल्ममध्ये बाइकवाले परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा. आपल्याकडे फिरलेल्या व्हिडिओत नेमका हाच भाग कापलेला होता. आपोआप कापला जात नाही हो असा भाग. कुणीतरी बसून कापतं.

मुलं पळवणाऱ्यांच्या अशाच अफवा तेव्हा धुळे-नंदुरबारकडे मोबाइलवरून पसरल्या होत्या. 1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागत तिथवर गेलेली.

खेड्यातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. 2014 मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात दगडफेक झाली, बस फुटल्या. 2 जूनच्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून परतणाऱ्या एका नोकरदार तरुणाला ठार मारलं गेलं. त्या पोस्टशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

मग करायचं काय? व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्सवर टाका. तेच दृश्य जुन्या तारखेचं, भलत्याच देशातलं निघतं का बघा. दुकानांच्या पाट्या, नंबरप्लेट, मागून ऐकू येणारी भाषा यांवरूनही बरंच कळतं. फॉरवर्डवर दोन बाण दिसले, तर तो मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलाय. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा घातली, हे दोन बाण त्यानंतर आले.

आवाजाचं मात्र अवघड आहे. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. आदल्या दिवशी बिटकॉइनच्या पैशांबद्दलच्या ऑडिओ क्लिप आल्या, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज म्हणून. दोघांनीही ते आवाज आपले नसल्याचं सांगितलं. ‘बूम’ या तथ्य-तपासणी संस्थेने त्या तपासल्या, तेव्हा बहुतेक क्लिप एआयने बनवलेल्या असाव्यात असं निघालं. पण तपासणीला वेळ लागतो, आणि मतदान थांबत नाही. म्हणून ‘खरं की खोटं’ याच्या जोडीला ‘हे आजच का आलं?’ हेही विचारा.

आणि फॅमिली ग्रुपवर काकांना सगळ्यांसमोर खोटं पाडू नका. ते चिडतील आणि पुढच्या वेळी तुमच्याशिवायच्या ग्रुपवर टाकतील. त्यांना फोन करा. मूळ व्हिडिओ एकट्याला पाठवा आणि फलक दिसेपर्यंत बघायला सांगा.