अठ्ठावीस बार ऑक्सिजन, बाकी हवा

भाऊजींच्या गॅरेजमध्ये दोन टेबलं आहेत आणि एकावरचा पाना दुसऱ्यावर जात नाही. दाराजवळच्या टेबलावर कॉम्प्रेसरचं तेल, ग्रीस, चिंध्या, सगळं चालतं. आतल्या टेबलावर पांढरं प्लास्टिक अंथरलेलं, हत्यारांचा संच वेगळा, आणि हात साबणाने धुऊन नायट्राइलचे मोजे चढवल्याशिवाय तिथल्या कशालाही शिवायचं नाही. या टेबलावर जुळवलेल्या नळ्यांतून दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन जाणार असतो, आणि त्याच्या वाटेत बोटाच्या ठशाएवढं तेलही नको.

भाऊजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये हात तयार झाला, नोकरीमुळे उत्तर फ्लोरिडात आले आणि तिथल्या झऱ्यांच्या नादाला लागले. हाय स्प्रिंग्ज गावाजवळ सांता फे नदीच्या काठी जिनी स्प्रिंग्ज आहे: चुनखडीच्या पोटातल्या पाण्याने भरलेल्या गुहा, बारा महिने साधारण २२ अंशांचं नितळ पाणी, आणि त्यासाठी जगभरातून येणारे डायव्हर. टाक्या भरून देणारी दुकानं जवळपास आहेत. तरीही काही जण घरीच वायू मिसळायची सोय करतात. यात पैसे वाचत नाहीत. भाऊजी म्हणाले, "दुकानात रांग असते, ती संपवावी लागते. इथे माझ्यामागे कुणी उभं नाही." हे काम ज्या संथपणे व्हायला हवं, तो संथपणा घरी परवडतो. त्या गॅरेजमध्ये राबताना मला हे पुरेपूर पटलं.

स्कूबाच्या टाकीत ऑक्सिजन भरलेला असतो, असं आपल्याकडे सर्रास समजतात. तारकर्लीला पर्यटकाच्या पाठीवर असते ती साधी हवाच, दाबून भरलेली. २१ टक्के ऑक्सिजन, उरलेला जवळपास सगळा नायट्रोजन. खोलवर हा नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर येताना त्याला सावकाश बाहेर पडू द्यावं लागतं. म्हणून तो कमी करून ऑक्सिजन वाढवायचा, की झाला नायट्रॉक्स. पण ऑक्सिजनसुद्धा दाबाखाली विषारी होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच ते मांडलं होतं. पाण्याखाली आकडी आली की तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. त्यामुळे ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे ३३ मीटरची मर्यादा, आणि शुद्ध ऑक्सिजनला अवघ्या ६ मीटरची. अमेरिकेतल्या 'नोआ' या सरकारी सागरी संस्थेने १९७०च्या दशकात आपल्या डायव्हरसाठी ३२ टक्क्यांचं मिश्रण वापरात आणलं. तिथूनच निवृत्त झालेल्या डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ मध्ये हौशी डायव्हरना ते शिकवणारी संस्था काढली.

आता त्या आतल्या टेबलाकडे येऊ. पितळी जोड, वॉल्व्ह, लवचीक नळ्यांची टोकं असं सगळं सुटं करून आधी डिटर्जंटमध्ये, मग अल्ट्रासॉनिक भांड्यात, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये. माझ्याकडे तपासणीचं काम होतं. धुतलेल्या धातूवर पाणी सोडायचं. ते सलग पातळ पापुद्र्यासारखं पसरलं तर भाग स्वच्छ. कुठे फाटून थेंब धरले तर तिथे तेलाचा अंश आहे, पुन्हा धुवा. मग अंधार करून अतिनील दिवा फिरवायचा, कारण बरीचशी तेलं त्यात चमकतात. पास झालेला भाग कोरडा करून लगेच पिशवीत बंद. ओ-रिंग नेहमीच्या रबराच्या नाहीत, व्हायटनच्या. ग्रीस फ्लोरिनयुक्त, नखभर नळीला घसघशीत किंमत मोजायला लावणारं. भाऊजी एका बारक्या जोडावर अर्धी दुपार घालवत आणि मला त्यांचा कधी कंटाळा आला नाही, इतकं ते काम बघण्यासारखं होतं.

ऑक्सिजनच्या वाटेवर सगळीकडे नीडल वॉल्व्ह आहेत, पाव फेऱ्यात उघडणारा बॉल वॉल्व्ह एकही नाही. सायकलचा पंप मारताना टोक तापतं ना, तेच इथे भयंकर प्रमाणात घडतं. वॉल्व्ह झटक्यात उघडला तर पुढच्या बंद टोकाशी वायू क्षणात दाबला जातो, तापमान शेकडो अंशांवर जातं, आणि तिथला रबराचा किंवा धुळीचा कण पेटला तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये मग धातूही जळतो.

कॉम्प्रेसर तीन टप्प्यांचा आहे. प्रत्येक पिस्टन आधीच्यापेक्षा लहान, मध्ये हवा थंड करणाऱ्या नळ्या. फ्लोरिडाची हवा आपल्या कोकणासारखीच दमट, त्यामुळे थोड्या-थोड्या वेळाने तळाचा कॉक सोडून दुधाळ पाणी काढावं लागतं. पुढे फिल्टरच्या नळकांड्यात ओलावा शोषणारे दाणे, कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर करणारं हॉपकॅलाइट आणि सक्रिय कोळसा. हॉपकॅलाइट ओलं झालं की निकामी, म्हणून दाणे आधी. ही हवा पुढे ऑक्सिजनमध्ये मिसळायची असल्याने नेहमीच्या श्वसनाच्या हवेला चालतं तेवढंही तेल तिला चालत नाही. दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवं. त्यासाठी दुसरं नळकांडं. हवा ओढणारा पाइप छताच्या उंचीवर, गाडीच्या रस्त्यापासून दूर नेलाय. शेजारी गवत कापायचं यंत्र सुरू झालं की भाऊजी कॉम्प्रेसर बंद करतात. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ३० मीटरवर चौपट दाबाने श्वासात जाईल.

प्रत्यक्ष मिसळण्याचं गणित शाळकरी आहे. रिकामी टाकी २०० बारपर्यंत ३२ टक्क्यांनी भरायची तर आधी २८ बार ऑक्सिजन, वर १७२ बार हवा. ऑक्सिजन मिनिटाला जेमतेम ५ बार या चालीने सोडायचा. त्या सहा मिनिटांत भाऊजींचा हात वॉल्व्हवरून हलत नाही आणि कुणी बोलत नाही. एका बारची चूक मिश्रण ०.४ टक्क्याने बदलते, म्हणून गेज डिजिटल. हवा घाईने भरली तर टाकी तापते, गेज २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८५ वर उतरतो. मग हवा कमी पडलेली असते आणि टक्का ३३ वर गेलेला असतो.

म्हणून टाकी रात्रभर ठेवून सकाळी मोजायची. ऑक्सिजन मोजणारा सेल रासायनिक असतो, वापरा न वापरा, दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो. आधी त्याला साध्या हवेवर २०.९ ला आणायचं, मग टाकीचा वॉल्व्ह किंचित उघडून आकडा स्थिर होऊ द्यायचा. माझी टाकी भाऊजींनी मला मोजायला लावली. त्यांनी मोजलेली चालत नाही. जो ती टाकी घेऊन पाण्यात उतरणार, त्याने स्वतः मोजायचं आणि टेपवर टक्का, कमाल खोली, तारीख लिहून सही करायची. हा दंडक सगळीकडे आहे आणि तो मला या छंदातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

हे वाचून कुणी आपल्याकडे घरी जुळवाजुळव करू नये. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे भारतात परवान्याशिवाय सिलिंडर भरता येत नाही, आणि तिकडेही रीतसर अभ्यासक्रम केल्याशिवाय कुणी यात पडत नाही.

भाऊजींची सध्याची अडचण वेगळी आहे. टाकीत ५० बार मिश्रण उरलं असेल तर त्यावर २१ बार ऑक्सिजन चढवून ७१ बारपर्यंत जावं लागतं. वेल्डिंगच्या दुकानातून आणलेला १५० बारचा मोठा सिलिंडर निम्म्यावर आला की तो दाब पुरत नाही. निम्मा ऑक्सिजन आत असताना सिलिंडर परत करावा लागतो. तूर्त ते दोन सिलिंडर ठेवतात, आधी कमी दाबाचा वापरतात, मग भरलेला. यावर इलाज बूस्टर, म्हणजे ऑक्सिजनचा दाब वाढवणारा, हवेवर चालणारा पंप. जुना एक मिळालाय, पण आधी कुठल्या वायूला वापरला होता ते विकणाऱ्याला सांगता आलं नाही. तेव्हा तो पूर्ण खोलायचा, सगळी सील नवी घालायची, प्रत्येक भाग धुवायचा. पुढच्या भेटीत पाण्याची तपासणी पुन्हा माझ्याकडे आहे.