बीई कॉम्प्युटर झालं, पुढे काय? एम.टेक., एमएस आणि एमसीएमध्ये नेमका फरक काय?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात काहींच्या हातात नोकरीचं ऑफर लेटर असतं, तर काही जण अजून प्लेसमेंटची वाट बघत असतात. पण दोघांच्याही घरी एक प्रश्न हमखास निघतो, "मास्टर्स करायचं का?"

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कुणी म्हणतं गेट दे, कुणी म्हणतं अमेरिकेला जा, तर कुणी सांगतं एमसीए केलं तरी चालतं. हे सगळे अभ्यासक्रम 'मास्टर्स' म्हणूनच ओळखले जात असले, तरी प्रत्येकाचा खर्च, अभ्यास आणि शेवट वेगळा आहे.

कॉम्प्युटर सायन्स आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग एकच आहे का?

नाही. एखादं गणित कॉम्प्युटरला कमीत कमी वेळात कसं सोडवता येईल, किंवा ते मुळात सोडवता येतं का, हे कॉम्प्युटर सायन्स शोधतं. तर पन्नास जणांच्या टीमने लिहिलेलं, लाखो लोक वापरत असलेलं ॲप बंद न पाडता त्यात बदल कसे करायचे, हा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे.

हा शब्द रूढ झाला तो १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे झालेल्या नाटोच्या परिषदेमुळे. तेव्हा मोठमोठे सॉफ्टवेअर प्रकल्प वेळ आणि बजेट दोन्ही ओलांडत होते. पूल बांधताना जशी शिस्त लागते, तशी सॉफ्टवेअर लिहिताना का नको, असा तो विचार होता.

भारतात पदव्युत्तर पातळीवर बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटर सायन्सचंच पारडं जड आहे. गेटच्या कॉम्प्युटर सायन्स पेपरचा अभ्यासक्रम पाहा. त्यात अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर आणि डिस्क्रीट मॅथ्स आहे, पण सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नावाचा विभाग नाही. त्यामुळे "ॲप बनवायला शिकेन" म्हणून एम.टेक.ला जाणाऱ्याचा पहिल्याच सेमिस्टरमध्ये हिरमोड होऊ शकतो.

एम.टेक.: फी कमी, चाळणी बारीक

आयआयटी आणि एनआयटीमधल्या एम.टेक.चा मुख्य दरवाजा म्हणजे गेट. बंगळुरूची आयआयएससी आणि सात आयआयटी आळीपाळीने ही परीक्षा घेतात. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. २०२४ पासून डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स असा वेगळा पेपरही सुरू झाला आहे.

गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणजे शेवटच्या वर्षात गेट देऊन आधी नोकरी आणि मग एम.टेक. असंही करता येतं. 'नोकरी की शिक्षण' हा निर्णय त्याच उन्हाळ्यात घ्यायलाच हवा असं नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट पैशांची. गेटच्या आधारे पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. दोन वर्षांचे होतात २ लाख ९७ हजार ६०० रुपये. आयटीतल्या पगाराच्या मानाने ही रक्कम लहान आहे, पण राहण्या-जेवणाचा बराच भार त्यातून निघतो आणि घरावर मोठं कर्ज चढत नाही. बदल्यात अनेक संस्थांमध्ये प्रॅक्टिकल घेणं, पेपर तपासणं अशी कामं करावी लागतात.

गेटशिवाय प्रवेश देणारी कॉलेजेसही आहेत. पण तिथे ही शिष्यवृत्ती मिळत नाही आणि फी खिशातून जाते, हे आधीच लक्षात घ्यायला हवं.

एमएस बाय रिसर्च: क्लास कमी, संशोधन जास्त

आयआयटी मद्रास, आयआयटी बॉम्बे अशा संस्थांमध्ये 'एमएस बाय रिसर्च' हा पर्याय आहे. यात विषय कमी असतात आणि बहुतेक वेळ एकाच प्रश्नावर संशोधन करण्यात जातो. प्रवेशासाठी गेटसोबत लेखी परीक्षा किंवा मुलाखत असते आणि गाईड कोण मिळतो यावर बरंच अवलंबून असतं. पीएचडी करायची की नाही, हे अजून ठरत नसलेल्यांना ही चांगली चाचणी ठरते.

एमसीए: इंजिनिअरिंग न केलेल्यांसाठीही

बीसीए, बीएससी किंवा बी.कॉम. झालेल्यांना सॉफ्टवेअरकडे नेणारा हा रस्ता. बारावीला किंवा पदवीला गणित असेल तर उत्तम. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्ष यासाठी प्रवेश परीक्षा घेतो. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा आहे. यात भर असतो तो प्रत्यक्ष सॉफ्टवेअर बनवण्यावर.

सी-डॅकचा 'डॅक' कोर्सही अनेक जण याच रांगेत धरतात. पण तो काही महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, मास्टर्स डिग्री नाही.

परदेशातलं एमएस: गणित कर्जाचं

अमेरिकेतलं एमएस बहुतेकदा दीड-दोन वर्षांचं असतं आणि शिष्यवृत्ती क्वचितच मिळते. साहजिकच शैक्षणिक कर्ज काढावं लागतं. ते फिटणार तिथल्या नोकरीतून. सध्याच्या नियमांनुसार कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर १२ महिने आणि पुढे आणखी २४ महिने, असं एकूण तीन वर्षं तिथे काम करता येतं. मात्र हे नियम तिथलं सरकार ठरवतं आणि ते बदलू शकतात. घर गहाण ठेवण्याआधी हा धोका हिशोबात धरलेला बरा.

मधला मार्गही आहे. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाने २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स पदवी सुरू केली. तिची एकूण फी काही हजार डॉलर आहे आणि ती नोकरी करता करता पूर्ण करता येते. पण तिथे राहण्याचा व्हिसा त्यातून मिळत नाही.

मग निवड कशी करायची?

डिग्रीच्या नावापेक्षा तीन गोष्टी तपासलेल्या बऱ्या. अभ्यासक्रमात थिअरी किती आणि प्रोजेक्ट किती? दोन वर्षांत पैसे मिळणार की जाणार? आणि त्याच विभागातून गेल्या वर्षी बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करत आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. त्यासाठी एखाद्या सीनियरला फोन करावा लागतो. दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे लावण्याआधी तेवढा एक फोन नक्कीच परवडतो.