चौकोन पांढरा आहे ना?

सकाळचे नऊ वाजत आलेत. मुदखेडच्या आरोग्य केंद्रात टेबलावर आइसपॅक मांडून ठेवलेत, त्यांना आता पाझर फुटलाय. सिस्टर एकेक पॅक उचलतात, कानाशी नेऊन हलवतात. आत पाणी खळखळलं तरच तो डब्यात जातो. बाहेर मोटारसायकलवाला हॉर्न वाजवतोय, तरी टणक गोठलेला पॅक त्या बाजूलाच ठेवतात. पेंटाव्हॅलेंटची लस गोठली की वाया गेली. नांदेडच्या उन्हात लस तापेल ही भीती कुणालाही समजते. ती गारठूनही मरते, हे मला इथे उभं राहून कळतंय. दोन ते आठ अंश, एवढीच तिची जागा. पुण्याहून विभागीय भांडार, तिथून नांदेड, तिथून हे केंद्र, आणि आता या निळ्या डब्यातून वाडीवरची अंगणवाडी.

अंगणवाडीत आशाताई यादी घेऊन बसल्यात. पहाटे फुलं तोडून आलेल्या दोघीजणी लेकरं मांडीवर घेऊन भिंतीला टेकल्यात. एका आजींचा सूर चढलेला आहे.

"मागल्या डोसाला पोरगं रातभर तापलं. आता पुन्हा कशाला टोचायलेत?"

"आजी, ताप आला म्हणजे लस काम करायली. एका डोसानं ताकद पुरी बसत नाही, म्हणून तीनदा."

आजी गप्प बसतात, पण सून बोलते. "सिस्टर, हे रोटाचे थेंब आधी कुणाच्या लेकरांना देऊन बघितलेत का?"

"बघितलेत ना. हजारो लेकरांना."

हा प्रश्न प्रत्येक आईनं विचारावा असाच आहे, आणि जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसच्या बाबतीत त्याचं उत्तर आपल्या राज्यातही सापडतं. 1980च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये काही नवजात बाळांच्या पोटात हा विषाणू सापडला, पण त्या बाळांना जुलाब झाले नव्हते. त्याच विषाणूपासून देशी लस, रोटाव्हॅक, घडायला पाव शतकाहून जास्त काळ लागला. आधी थोड्यांवर चाचण्या झाल्या. मग 2011 पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू इथल्या 6,799 बाळांवर मोठी चाचणी झाली. तिघांतल्या दोघांना लस, एकाला लस नसलेले थेंब. कुणाला काय मिळालं हे ना आईला माहीत, ना डॉक्टरला. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब सुमारे 56 टक्क्यांनी कमी झाले. शंभर टक्के नाही. तरी मला हा आकडा फार भरवशाचा वाटतो, कारण तो मोजून आलेला आहे आणि कमी आला म्हणून कुणी लपवलेला नाही. वढूच्या ज्या आयांनी आपली तान्ही त्या चाचणीत दिली, त्यांचे उपकार मुदखेडच्या या बाळावरही आहेत.

सिस्टर पेंटाची व्हायल उचलतात आणि सुनेच्या डोळ्यांसमोर धरतात. लेबलवर जांभळा गोल, गोलात पांढरट चौकोन. "हा चौकोन गोलाइतका गडद झाला असता तर मी हे टोचलंच नसतं. वाटेत उष्णता लागली की तो गडद होत जातो, परत पांढरा होत नाही." सून वाकून नीट बघते. मग स्वतःच बाळाचा डावा पाय घट्ट धरते. बाळ किंचाळतं. सुई कटरमध्ये जाते, कार्डावर तारीख पडते. "चोळायचं नाही, अर्धा तास इथंच बसायचं." तो अर्धा तास सिस्टर कुणालाही माफ करत नाहीत.

दुपारी गोवर-रुबेलाच्या उघड्या व्हायलीत अजून डोस शिल्लक आहेत. आशाताई दारात उभ्या राहून वाट बघतात. यादीतली एक आई शेतावरून आलेलीच नाही. लस द्रावणात मिसळल्याला चार तास होतात आणि सिस्टर ती व्हायल बाद करतात. पेंटाची उघडी व्हायल मात्र तारीख लिहून परत केंद्रावर जाते. नीट सांभाळली तर ती 28 दिवस चालते.

तुमच्या बाळाचा डोस असेल त्या दिवशी वेळेवर जा, आणि सिस्टरला व्हायलीवरचा चौकोन दाखवायला सांगा.