उन्हातला साखरांबा

वैशाखात दुपारच्या वेळी अंगणात पाऊल ठेववत नाही. अशा दिवसांत जुन्या घरांच्या अंगणात किंवा गच्चीवर एखाद्या तिपाईवर चिनी मातीची बरणी ठेवलेली आढळते. तिच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा घट्ट बांधलेला असतो. नवख्या माणसास वाटावे, कोणी ही बरणी येथे विसरून गेले असावे. वस्तुतः त्या बरणीत स्वयंपाक चाललेला असतो. तेथे चूल नाही, लाकूड नाही, की धूर नाही. आठ-दहा दिवसांनी त्यातून जो पदार्थ बाहेर येतो, तो म्हणजे उन्हातला साखरांबा.

साखरांबा चुलीवरही करतात. किंबहुना बहुतेक घरी तो तसाच होतो. चुलीवर तो अर्ध्या-पाऊण तासात होतो हे खरे. पण आच जरा वाढली, की तळ लागतो, पाक तांबूस होतो आणि कैरीचा कीस चिवट बनतो. उन्हाला वेळ लागतो, परंतु ऊन कधी करपवत नाही. आमच्या शेजारच्या गुजरातेत याच रीतीने हळद-मीठ लावलेल्या किसाचा ‘छुंदो’ घरोघरी करतात. त्यात शेवटी जिरे व तिखट घालतात, एवढाच काय तो वेगळेपणा.

या पदार्थास कैरी चांगली भरलेली, घट्ट व आंबट हवी. वळवाच्या वादळात झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. त्या वेळी अपुऱ्या वाढीच्या कैऱ्या नीट पिकत नाहीत. चार-सहा दिवसांत सुरकुततात किंवा कुजतात. साखरांबा हा त्या वाया जाऊ पाहणाऱ्या फळांना वाचविण्याचा एक उपाय होय. पडलेली कैरी घ्यावी की नाही, याविषयी जाणत्या बायकांत एकमत नाही. माझ्या मते, मार लागला नसेल तर ती अवश्य घ्यावी. ठेचलेली मात्र घेऊ नये, कारण जेथे साल फुटते तेथूनच नासणे सुरू होते.

कैऱ्या धुऊन, देठाचा चीक काढून, अगदी कोरड्या पुसाव्यात. साल काढून त्या किसाव्यात. (किसणी चालविताना बोटे सांभाळा; बाठ्याजवळ आल्यावर हात हमखास घसरतो.) किसाचे वजन करून त्याच्या सव्वापट ते दीडपट साखर घ्यावी, चिमूटभर मीठ घालून दोन्ही एकत्र कालवावी आणि मिश्रण बरणीत भरावे. पाण्याचा एक थेंबही घालावयाचा नाही. बरणी दिवसा उन्हात ठेवावी, सायंकाळी घरात घ्यावी आणि रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने ढवळावी. तांब्या-पितळेचे भांडे येथे वर्ज्य आहे, कारण कैरीच्या आंबटपणाने ते कळकते.

आता गंमत पाहा. पाणी घातले नाही, तरी दुसऱ्या दिवशी कीस पाकात बुडालेला दिसतो. हे पाणी कोठून आले? कच्च्या कैरीच्या शंभर भागांत ऐंशीहून अधिक भाग पाणीच असते. साखर हे पाणी किसातून बाहेर ओढते व त्यात विरघळते. पुढे उलट क्रिया सुरू होते. पाकातील साखर हळूहळू किसात शिरते आणि पांढुरका कीस काचेसारखा पारदर्शक होतो. इकडे उन्हाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होऊन ती दादऱ्यातून निघून जाते. म्हणून बरणीला झाकण न लावता कापड बांधावयाचे. धूळ आणि मुंग्या बाहेर राहतात, वाफ मात्र अडत नाही. कैरीतील आम्ल आणि ऊब यांमुळे काही साखरेचे रूपही पालटते. तिचे दोन साध्या शर्करांत विभाजन होते. त्यामुळे पाकात सहसा खडे धरत नाहीत.

साखर केवळ गोडीसाठी असते, असे पुष्कळांना वाटते. आमच्या घरीही एकदा हा समज महाग पडला. 1972 च्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा होता. साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळे. ‘जरा आंबटच बरा,’ असे म्हणून आईने किलोभर किसास तीन पावच साखर घातली. त्यातच आभाळ लवकर भरून आले. पंधरवड्याने बरणी उघडली तेव्हा वर बुडबुडे आले होते आणि ताडीसारखा दर्प येत होता. फळांच्या सालीवर आणि हवेत किण्वाचे सूक्ष्म जीव असतात. पाक पातळ असला की ते साखर खाऊन वाढतात, मद्यार्क व वायू निर्माण करतात. पाक दाट असेल तर त्यांच्याच पेशींतील पाणी ओढले जाते आणि त्यांची वाढ थांबते. म्हणजे शंभर भागांत साधारण सत्तर भाग साखर, हाच साखरांब्याचा खरा राखणदार. आईने तो साखरांबा गाईपुढेसुद्धा ठेवला नाही. परसात खड्डा करून पुरला. पुढच्या महिन्याची साखर हाती आली, तोवर झाडावर एकही कैरी उरली नव्हती. त्या वर्षी पावसाळाभर आम्ही पोळी नुसत्या चटणीबरोबर खाल्ली.

साखरांबा झाला की नाही, हे दिवस मोजून ठरवू नये. ऊन कोकणात वेगळे, विदर्भात वेगळे. पाकाचा एक थेंब बशीत टाकून बशी तिरपी करावी. तो पाण्यासारखा पळाला, तर बरणीस आणखी दोन दिवस ऊन द्यावे. तो मधासारखा रेंगाळत उतरला, तर वेलदोड्याची पूड घालावी, दादरा सोडावा आणि कोरडे झाकण बसवावे. पुढे आषाढाच्या झडीत बरणी काढाल तेव्हा चमचा तेवढा कोरडा आहे ना, हे पाहा.